थोबाडाचा रंधा

पहिल्याच दिवशी वाद्यसंग्रहातल्या लोकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. वस्तू मांडलेल्या टेबलाजवळ शाई आणायची नाही. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. मंगळसूत्र स्वेटरच्या आत. मग निळे नायट्रिलचे हातमोजे. (पांढरे सुती मोजे मिळतील असं मला वाटलं होतं. ते सिनेमात. सुताचा धागा पत्र्याच्या कडेत अडकतो आणि वस्तू हातातून सटकते.) एवढं सगळं सोवळं झाल्यावर माझ्यापुढे आला केळ्यांचा रिकामा खोका आणि त्यात जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले माउथऑर्गन. मोजले, ४३ निघाले.

मी मिरजेची. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर वाढले. तलवारींना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळली, त्यांचीच ती गल्ली. पंढरपूरकडून आलेले भोपळे दारात वाळत घातलेले असायचे आणि शाळेत जाताना त्यांना हात लावला म्हणून आम्ही ओरडा खाल्लेला. वाजवायला मात्र मला एकही वाद्य येत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे श्टुटगार्टजवळ आलो, माझी नोकरी मागेच राहिली, आणि जर्मनच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, वर्गात बसून बोलायला येणार नाही, एरेनआम्ट कर. एरेनआम्ट म्हणजे बिनपगारी, पण मानाचं काम. आगीच्या बंबापासून ग्रंथालयापर्यंत इथलं अर्धं गाव ते करतं. आमच्या गावात एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर वाद्यांचा छोटासा संग्रह आहे. तिथे मला विचारलं, वाद्यांतलं काय कळतं? म्हटलं, काही नाही, पण वाद्यं करणाऱ्यांच्या शेजारी वाढलेय. मंगळवारी या, म्हणाले.

त्या टेबलाशी माझ्या शेजारी बसायच्या ८२ वर्षांच्या एक बाई. तरुणपणी ट्रोसिंगेनला माउथऑर्गनच्या कारखान्यात सूर लावायच्या कामावर होत्या. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणायचे. तोंडावर अर्थातच ‘फ्राउ’ आणि पुढे आडनाव, आणि ‘झी’, म्हणजे आपलं अहो-जाहो. त्यांनी खोक्यातला पहिला माउथऑर्गन उचलला आणि विचारलं, “याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“माउथऑर्गन.”

“ते इंग्रजी झालं. तुमचं काय?”

मी म्हटलं, बाजा. आणि हार्मोनियमला पेटी. जर्मनमध्ये याला मुंडहार्मोनिका म्हणतात, म्हणजे तोंडाची पेटीच झाली. त्यावर आजी खुसखुसल्या. म्हणाल्या, ते झालं पुस्तकातलं, आमच्या श्वाबियन बोलीत याला गोशेनहोबेल म्हणतात. गोश म्हणजे थोबाड आणि होबेल म्हणजे सुताराचा रंधा. थोबाडाचा रंधा! ओठांवरून इकडून तिकडे रंधा मारल्यासारखा फिरतो म्हणून. मला हसू आवरेना, आणि त्या दिवसापासून मंगळवारची धास्ती गेली.

काम ऐकायला सोपं. एक वस्तू घ्यायची, मोजायची, तोलायची, फोटो काढायचे (शेजारी मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवून), त्यावर जे जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवायचं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. छिद्रं किती, सूर किती, काय मोडलंय, काय गंजलंय. मग नंबर टाकायचा. नंबर टाकण्याचंसुद्धा शास्त्र आहे: आधी पॅरालॉइड नावाच्या पारदर्शक रोगणाचा एक पातळ हात, तो वाळल्यावर त्यावर बारीक आकडे, त्यावर पुन्हा रोगण. हेतू असा की उद्या कुणाला तो नंबर पुसायचा झाला तर ॲसिटोनने पुसता यावा, खाली वस्तूला धक्का नाही. सगळ्या संग्रहात शाईला परवानगी एवढ्या एकाच जागी, आणि तीही रोगणाच्या दोन थरांच्या मध्ये. कच्च्या लाकडावर तर तेही नाही, सुती फितीला चिठ्ठी बांधायची. शेवटी आम्लरहित कागदात गुंडाळून खोक्यात. एका वस्तूला मला पहिल्या आठवड्यात दीड तास लागला. चौथ्या आठवड्यात चाळीस मिनिटं.

आणि डबी. मी पहिल्यांदा डब्या बाजूला सारल्या होत्या, कचऱ्यात टाकायला. आजींनी त्या एकेक करून परत माझ्यापुढे आणून ठेवल्या. पुठ्ठ्याच्या डबीवरचं चित्र, आतलं किमतीचं चिटोरं, झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलेलं पोराचं नाव, हे सगळं वाद्याइतकंच महत्त्वाचं. काही डब्यांच्या लेबलांना कसर लागलेली होती. खळीच्या गोडीने ती कागद खाते. एका डबीत चिठ्ठी होती, जुन्या वळणाच्या जर्मन लिखाणात. माझ्या एका मैत्रिणीला, जी म्युनिकमध्ये जन्मलेली आहे, तिला ती अक्षरं वाचता येईनात. आमच्या आजोबांच्या मोडीतल्या कागदांची आठवण झाली. घरात सगळे शिकलेले आणि वाचणारा कुणी नाही. फ्राउ आजींनी मात्र चष्मा वर करून धडाधड वाचली. कुणी मावशीने वाढदिवसाला भाच्याला दिलेला बाजा होता, बाकी काही नाही.

खरी गंमत वय ठरवण्यात. माउथऑर्गनवर साल बहुतेक वेळा नसतंच, आणि असलं तरी ते फसवं. कव्हरच्या पत्र्यावर पदकांची चित्रं कोरलेली असतात, त्यांवर प्रदर्शनांची सालं. मी पहिल्या माउथऑर्गनच्या कार्डावर मोठ्या आत्मविश्वासाने १८८१ लिहिलं. आजींनी खोडरबर पुढे केलं. ते पदक १८८१चं, बाजा नव्हे. मिळालेलं पदक कारखाना पुढे पन्नास वर्षं मिरवतो. म्हणजे इतकंच कळलं, की त्याआधीचा नाही. मग अशाच ‘त्याआधीचा नाही’ आणि ‘त्यानंतरचा नाही’ अशा दोन भिंती शोधत जायचं आणि मधली जागा जमेल तितकी अरुंद करायची.

‘मेड इन जर्मनी’ असं इंग्रजीत छापलेलं असेल तर १८८७ नंतरचा. ब्रिटनने त्या साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं. लोकांनी तो माल ओळखून टाळावा हा हेतू, आणि झालं नेमकं उलट, तेच शब्द मालाची शिफारस होऊन बसले. ‘डी.आर.जी.एम.’ ही अक्षरं असतील तर १८९१ नंतरचा, कारण छोट्या सुधारणांची ती नोंदणी तेव्हा सुरू झाली. ट्रोसिंगेनच्या होनर कारखान्याच्या मालावर वर्तुळात, ज्यूंच्या ताऱ्यासारखा, सहा टोकांचा तारा दिसला तर १९३०च्या दशकाच्या शेवटाआधीचा; नाझी राजवटीत तो तारा चिन्हातून गेला. आणि जीडीआर, म्हणजे पूर्व जर्मनी, असं असेल तर प्रश्नच मिटला. माउथऑर्गनची दोन माहेरं: इकडे दक्षिणेला ट्रोसिंगेन आणि तिकडे सॅक्सनीत क्लिंगेनथाल. युद्धानंतर ट्रोसिंगेन फ्रेंचांच्या ताब्यातल्या भागात आलं आणि क्लिंगेनथाल रशियनांच्या. आमच्या खोक्यात क्लिंगेनथालचे सात होते. त्यातल्या दोघांवर ‘वेर्मोना’, म्हणजे तिथला सरकारी कारखाना.

एक डबी मात्र मी बराच वेळ हातात धरून बसले. झाकणावर कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, विल्हेल्म, मिशा वर वळवलेल्या, बाजूला झेंडे. पहिल्या महायुद्धात असे देशभक्तीचे माउथऑर्गन ढिगांनी निघाले आणि टपालाने आघाडीवर गेले. बाजा अगदी साधा, दहा छिद्रांचा, तसाच शेजारच्या डबीत जिच्यावर शेळ्या राखणारी मुलगी आहे. आत रतीभर फरक नाही. कव्हरवर शेळ्या की कैसर, एवढाच प्रश्न.

इथे मला माझा स्वतःचा गुन्हा सांगितला पाहिजे.

संग्रहातल्या वस्तू उघडायला मला परवानगी नव्हती. पण आत काय असतं ते बघायची खाज स्वस्थ बसू देईना. एका रविवारी जुन्या बाजारात चार युरोला एक मरीन बँड मिळाला. होनरचं हे १८९६पासूनचं मॉडेल, दहा छिद्रं, वीस सूर, आणि हा ताऱ्यावाला, म्हणजे निदान ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा. घरी आणला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, पातळ सुरीने कव्हरच्या चुका हळूच उचकटल्या. वरचा पत्रा निघाला. खाली पितळेची पट्टी, तिच्यात दहा लांबट खाचा, आणि प्रत्येक खाचेला पितळेचीच एक जीभ. एका टोकाला रिव्हेट मारून पक्की, दुसरं टोक मोकळं. पेटीच्या आत असतात तशाच, फक्त इवल्याशा. त्यांना आपल्याकडे सूरच म्हणतात. पेटीवाले ‘पालिताण्याचे सूर’, ‘जर्मन सूर’ असं बोलतात ना, तेच ते. म्हणजे लहानपणापासून ऐकलेला जर्मन सूर मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते, जर्मनीत, ओट्यावर. वरची पट्टी फुंकीची, खालची ओढीची, आणि मध्ये पेअरच्या लाकडाची फणी, जिच्यात हवेची दहा घरं कोरलेली.

पट्ट्यांवर हिरवट कळंक चढला होता. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला.

“पितळ आहे ना?” आई म्हणाली. “अगं, मग चिंच लाव. पाच मिनिटांत देवघरातल्या समईसारखं लखलखेल.”

तमिळ दुकानातली चिंच घरात होतीच. कोळ केला, चिमूटभर मीठ घातलं, दोन्ही पट्ट्या बुडवल्या. लखलखल्या. मी फोटो काढून आईला पाठवला, तिने अंगठा पाठवला. लाकडी फणीसुद्धा कोमट पाण्याखाली धरली आणि कपड्याने पुसून रेडिएटरवर वाळत ठेवली. सकाळी पाहिलं तर फणीला दोन छिद्रांमधून आरपार चीर. कसंबसं जुळवलं, चुका परत ठोकल्या, फुंकलं. तीन सूर गप्प. चिंचेचा रेषा अडकलेला एका जिभेखाली दिसत होता, बाकीच्या दोघांचं काय झालं ते मला कळलं नाही. उरलेली चिंच आमटीत गेली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. रेषा काढला, जिभा जरा उचलल्या, सगळे बोलायला लागले. मग फोनवरच्या ट्यूनरसमोर एकेक सूर वाजवून पाहिला. पांढरी एकचा बाजा. सा बरोबर, पंचम बरोबर. गंधार, म्हणजे दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या छिद्रातला फुंकीचा, १४ सेंट उतरलेला (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तिन्ही ठिकाणी उतरलेला, तोही जवळजवळ सारखाच. इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. चिंचेने खाल्लं असतं तर तीन जिभा नेमक्या सारख्याच कशा खाल्ल्या जातील? पण डोक्यात एकच: बेसूर आहे, लावू. जिभेच्या मोकळ्या टोकाला खरवडलं की टोक हलकं होऊन सूर चढतो, रिव्हेटच्या बाजूला खरवडलं की उतरतो, एवढं आजींकडून ऐकलं होतं. जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवली, नेल कटरच्या कानशीने टोकं खरवडली. हिरवा दिवा लागेपर्यंत. तिसऱ्या-सातव्या छिद्रातले निषादही चढवले. पाचव्यातला ओढीचा मध्यम तर चांगलाच खाली होता, तोही.

मग एक, दोन, तीन ही छिद्रं एकदम फुंकली. सा ग प. फोनच्या मते सगळं अचूक. पण आवाज असा, की कुणी थंडीत कुडकुडत बोलतंय.

मंगळवारी मी तो पर्समधून घेऊन गेले. संग्रहाचा नाही, माझाच, तेव्हा आजींनी तो रुमालाने पुसून ओठांना लावला. एकदा फुंकला, एकदा ओढला. खाली ठेवला.

“कुणी लावला?”

“मी.”

“फोनने?”

“हो.”

त्यांनी हातमोजे काढले, म्हणजे आता बोलणं लांबणार. मला सगळं जर्मन कळलं असं नाही, पण कागदावर आकडे लिहिले तेव्हा कळलं. हा बाजा सुटे सूर काढायला केलेलाच नाही. खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत दिलेलेच नाहीत, सुरावट कशी वाजवणार? तिथे एकदम तीन-चार छिद्रं फुंकायची आणि भरघोस सूरसमूह काढायचा, त्यासाठी तो आहे. आणि तो समूह एकजीव व्हायचा तर गंधार पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट खालीच हवा. उपस्वर म्हणजे सुरासोबत आपोआप उमटणारे वरचे बारीक सूर; षड्जाचा पाचवा उपस्वर आणि गंधाराचा चौथा एकावर एक बसले पाहिजेत. पियानोसारखा चढवला की ते एकमेकांना घासतात आणि खालच्या सप्तकात सेकंदाला दहाएक हेलकावे येतात. ते कुडकुडणं म्हणजे हे हेलकावे. मध्यमाचंही तसंच. ओढीच्या समूहात तो पंचमाचा सातवा उपस्वर म्हणून तीसेक सेंट उतरवून लावलेला असतो. त्या काळच्या बायकांनी हे सगळं कानाने लावलेलं, हाताने खरवडून. मी फोन बघून पुसून टाकलं.

मला घाम फुटला. कारण हा गंधार मी ओळखत होते. मिरजेत तंबोरा लावून झाला की कारागीर बोट ओठांवर ठेवून गप्प बसवायचा आणि म्हणायचा, ऐक, गंधार येतोय बघ. तारा फक्त पंचमाच्या आणि षड्जाच्या. गंधाराची तार नाहीच. पण जवारी, म्हणजे घोडीच्या पृष्ठाची घासाई, नीट निघाली असेल तर खर्जाच्या तारेतून तो आपोआप उमटतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो, आणि पेटीवर जो जुना रोष आहे त्यात हे एक कारण आहेच; आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारात उभं केलं नव्हतं. आणि मी, त्या गल्लीची पोर, जर्मनीत येऊन एका बाज्यातला स्वयंभू गंधार नेलकटरने घासून पेटीचा केला.

“परत उतरवता येईल?” मी विचारलं.

“येईल. रिव्हेटकडे खरवडायचं. पण मग जीभ दोन्हीकडून पातळ. पितळ परत भरता येत नाही.”

जवारीचंही हेच. घोडी एक घास जास्त गेली की सबंध पृष्ठ नव्याने घासायचं, दर वेळी हाड थोडं कमी. कारागीर कानस उचलण्याआधी चहा पितात ते उगाच नाही.

त्यानंतर कार्डावरचा एक रकाना मला नीट समजला. ‘स्थिती’च्या खाली असतं, ‘वाजवून पाहिले का’. बहुतेक ठिकाणी ‘नाही’. याला आणखी एक रोखठोक कारण आहे: खर्जाच्या जिभा जड करायला काही जुन्या वाद्यांत टोकावर शिसं मिसळलेल्या कथलाचा थेंब दिलेला असतो. ते तोंडात घ्यायचं नाही. शिवाय श्वासातला ओलावा, थुंकी, आणि आतली ऐंशी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कुणाची थुंकी. पण मुख्य म्हणजे पितळेची जीभ थकते. हजारो वेळा हललेली असते. आधी सूर उतरतो, मग मुळाशी बारीक भेग, मग तुकडा. ती शेवटची थरथर आपल्या हौसेपायी कशाला?

मे महिन्यात आम्हा सगळ्या एरेनआम्टवाल्यांना ट्रोसिंगेनला नेलं. रॉटवाइलला गाडी बदलायची, मग डोंगरपठारावरचं ट्रोसिंगेनचं छोटं स्टेशन, आणि तिथून गावात जाणारी चारेक किलोमीटरची स्वतंत्र लाइन, १८९८मध्ये विजेवरच सुरू झालेली. कारखान्याच्या गावाला स्वतःची रेल्वे हवीच होती. इथेच माथियास होनर या घड्याळजीने १८५७ साली माउथऑर्गन करायला घेतले. पहिल्या वर्षी ६५० झाले. तीस वर्षांनी वर्षाला दहा लाखांच्या वर. त्याच्या आधीपासून गावात मेस्नर होते, मग वाइस, कॉख. सगळ्यांच्या बाज्यांत आत तेच पितळ आणि तीच फणी. मग गिऱ्हाइकाने आपलाच का घ्यावा? म्हणून बाहेरून वेष बदलायचे. जर्मन हार्मोनिका संग्रहालयात जुन्या कारखान्याच्या इमारतीत हे सगळे वेष कपाटांत उभे आहेत. माउथऑर्गनच तिथे २५ हजारांच्या आसपास आहेत. आमचे ४३ एकदम केविलवाणे वाटायला लागले.

‘ट्रंपेट कॉल’ नावाचा बाजा पाहून मी काचेला नाक लावलं. लाकडी पेटीतून पाच पितळी भोंगे पुढे आलेले, बँडवाल्यांचा अख्खा ताफा मुठीत धरल्यासारखे. दुकानासमोरून जाणारं पोरगं थबकलं पाहिजे एवढंच त्या भोंग्यांचं काम असावं, आणि शंभर वर्षांनी मीही थबकलेच. शेजारी डोक्यावर दोन घंट्या बसवलेले, बोटाने कळ दाबली की टण्. पुढे चक्र: एका आसाभोवती सहा माउथऑर्गन, पाणचक्कीच्या पात्यांसारखे, सहा वेगवेगळ्या पट्ट्यांचे. गाण्याची पट्टी बदलली की चक्र फिरवायचं. याला मी चमत्कृती म्हणणार नाही, ही सोय आहे. सूरसमूहांचा लांबलचक बाजाही होता, ५८ सेंटिमीटर, ३८४ सूर, आणि तो धरायलाच दोन्ही हात पसरायला लागतात. ऑस्ट्रेलियाचा माल वेगळा: सिडनीच्या आल्बर्ट कंपनीसाठी क्लिंगेनथालच्या सायडेलने ‘बूमरँग’ नावाचे माउथऑर्गन बनवले, आणि त्यातले काही खरोखर वाकवलेले. सायडेल कंपनी १८४७ची, होनरपेक्षा दहा वर्षांनी थोरली. क्लिंगेनथालवाले हे सांगायला विसरत नाहीत.

मला सगळ्यात आवडली ती ‘लिटल लेडी’. चार छिद्रं, आठ सूर, करंगळीच्या दोन पेरांएवढी. खेळणं वाटतं, पण एक सबंध सप्तक वाजतं. डिसेंबर १९६५मध्ये जेमिनी ६ यानात वॉली शिरा या अंतराळवीराने ही चोरून नेली आणि नाताळाच्या तोंडावर ‘जिंगल बेल्स’ वाजवलं, जोडीदार टॉम स्टॅफर्डने घुंगरं हलवली. त्या आधी दोघांनी जमिनीवरच्या लोकांना घाबरवलं होतं, की वर कुठलीतरी अनोळखी वस्तू दिसतेय. तो बाजा आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. पाच भोंग्यांना जे जमलं नाही ते दोन पेरांच्या बाईने केलं. आमच्या खोक्यातही एक ‘लिटल लेडी’ होती, किल्ल्यांच्या कडीला लावलेली. मी तिचं कार्ड आधी अर्ध्या मिनिटात उरकलं होतं. परत आल्यावर पुन्हा लिहिलं.

परतीच्या गाडीत आजींनी विचारलं, तुमच्याकडे हे कोण वाजवतं? म्हटलं, सहलीच्या बसमध्ये मागच्या बाकावरचा एक मुलगा, कायम. आणि सिनेमात, रात्री पायरीवर बसून, समोरच्या माडीवर ती कंदील विझवत असते तेव्हा. “आणि मग?” मग काही नाही, म्हटलं, तो शेवटी मरतो. आजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

खोक्यातला ४३वा सगळ्यात तळाशी होता आणि आम्ही दोघींनी तो टाळत आणला होता. कव्हर एकच, दुसरं नाही. लाकडाचा पुढचा भाग ओठांनी झिजून काळा, मधल्या चार-पाच छिद्रांशी जास्त. डाव्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा. हा एको जातीचा, म्हणजे प्रत्येक स्वराला दोन जिभा, एक किंचित चढी लावलेली. दोन्ही एकदम वाजल्या की आवाज लाटांसारखा हलतो. पण याच्या वरच्या ओळीतली सगळी छिद्रं काहीतरी कोंबून बंद केलेली होती. मला वाटलं घाण. बारीक चिमटा हातात घेतलासुद्धा.

“थांबा,” आजी म्हणाल्या. त्यांनी दिवा खाली ओढला आणि भिंग दिलं.

घाण नव्हती, कागद होता, घट्ट वळून बोळे केलेला. कुणाला तरी ते हलणं नको होतं. त्याला सरळ, एकटा सूर हवा होता, आणि विकत घ्यायला दुसरा बाजा नव्हता किंवा पैसे नव्हते. म्हणून अर्ध्या जिभांची तोंडं बुजवली. सहाव्या छिद्रातल्या बोळ्याचं एक टोक बाहेर आलेलं, मळकट तपकिरी, त्यावर छापील अक्षरं. पहिलं अक्षर आत गेलेलं. ‘रोट’ दिसत होतं आणि खाली ‘५० ग्रॅ.’ मी म्हटलं, रोट म्हणजे लाल? आजींनी मान हलवली. “ब्रोट. पाव. हे रेशनचं कूपन आहे.” त्यांच्या लहानपणी अशी कार्डं घरात होती, आई कात्रीने कापून दुकानदाराला द्यायची. जर्मनीत अन्नाचं हे रेशनिंग १९३९ला आलं आणि पश्चिमेकडे १९५०ला गेलं.

म्हणजे दोन्ही भिंती एकदम मिळाल्या. बाजा कधी केला त्याच्या नव्हेत, पण तो कोण्या माणसाने कधी वाजवला त्याच्या. माझ्या चिमट्यात होतं ते सगळं. चिंचेच्या पाण्यात तर पहिल्या मिनिटातच त्याचा लगदा झाला असता.

आजींनी विचारलं, पाव सोडून कुणी कूपन असं वाया घालवेल का? मग स्वतःच म्हणाल्या, तारीख उलटून गेलेलं असेल. मी कार्ड पुढे ओढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं, जर्मनमध्ये, आजींनी दोन ठिकाणी विभक्ती दुरुस्त केल्या:

‘४३. एको माउथऑर्गन, एक कव्हर गहाळ. वरच्या ओळीतली छिद्रं वापरणाऱ्याने कागदाने बंद केलेली. सहाव्या छिद्रात पावाच्या रेशन कूपनाचा तुकडा. कागद काढलेला नाही. स्वच्छ केलेले नाही. वाजवून पाहिलेले नाही.’